बसल्या जागेवरून दिसणारे मासे

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या अजिनाथ बंडगरवर मी चिडले नाही, असं एकही वर्ष गेलेलं नाही. त्याला मात्र माझाच काय, कुणाचाच राग येत नाही, आणि माझं डोकं त्यानेच जास्त फिरतं.

मी शाळेत विज्ञान शिकवायची आणि तो तिथंच प्रयोगशाळा सहायक होता, अजूनही आहे. नववीच्या पोरांनी एखादं चंचुपात्र फोडलं, की हा पुढे होऊन म्हणायचा, "माझ्याच हातून सुटलं, बाई." एकदा तर त्या दिवशी तो रजेवर होता, तरी म्हणाला. मी विचारलं, "अरे, तू घरी बसून कसं फोडलंस?" तर म्हणतो, "आदल्या दिवशी मीच कडेला ठेवलं असंल." अशा माणसाचं करायचं काय? मी रागावून थकले, पण तो काही सुधारला नाही.

निवृत्त झाल्यावर जुळे सोलापुरात मी हा तळमजल्याचा फ्लॅट घेतला, तोही त्यानेच शोधून दिला. वर तो आणि त्याची बायको विजयमाला राहतात. ती गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. तीसचाळीस बायकांवर दिवसभर आवाज चढवते, पण घरात पाऊल टाकलं की तिचाही आवाज नवऱ्यासारखाच खाली येतो. माझ्या स्वयंपाकघरातली सगळी फडताळं अजिनाथने केलेली आहेत. करवत, ड्रिल, पकड ह्यांच्याशिवाय त्याचा रविवार जात नाही. एखाद्याने कोपऱ्यात मोडकी खुर्ची टाकली, तर दुसऱ्या दिवशी तिचं स्टूल झालेलं असतं.

गेल्या दिवाळीनंतर त्याने वडिलांना इथं आणलं. बिरदेव बंडगर, सगळ्यांचे आबा. मैंदर्गीच्या पलीकडच्या वस्तीवर त्यांचा जन्म मेंढरांमागे गेला. गुडघ्यांनी दगा दिला, तशी मेंढरं विकली. बायको केव्हाच वारली होती. गावात पुतण्या भिमा होता, पण त्याची शेतं, त्याची पोरं, तो किती लक्ष देणार? मागच्या उन्हाळ्यात आबा बांधावर पडले ते दुपारभर तसेच पडून राहिले. भिमाला कळलं ते दिवेलागणीला. तेव्हापासून अजिनाथच्या जिवाला घोर लागला होता. आबांनी आता इथंच राहावं, एवढं एकच त्याला हवं होतं. पण आबा टिकायचे नाहीत. आठवडाभर झाला की पिशवी भरायचे आणि म्हणायचे, "जातो गावाकडं. हितं काय काम हाय मला?"

माझी आणि त्यांची ओळख भांडणाने झाली. पहिल्याच सकाळी त्यांनी गॅलरीत उभं राहून खळखळून चूळ भरली आणि खाली सोडली. खाली माझी इरकल साडी वाळत होती. मी तणतणत वर गेले आणि जे काही तोंडाला आलं ते बोलले. गाव कुठलं, रीत कुठली, खाली माणसं राहतात का नाही, सगळं विचारलं. विजयमाला कानकोंडी झाली. अजिनाथ नेहमीप्रमाणे म्हणाला, "चुकलं बाई, मीच त्यांना सांगायला पाहिजे होतं." आबा मात्र खांद्यावरची घोंगडी सावरत शेवटपर्यंत ऐकत राहिले. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या दारात येऊन बसले. "बाई, चा हाय का?"

तेव्हापासून रोजच यायचे. मी कधी चहाबरोबर चार शब्द सुनवायची, चपला नीट काढा, बिडी बाहेर ओढा. ते मुकाट ऐकायचे आणि उद्या परत यायचे. हा म्हातारा शिव्या खायला का येतो, हे मला कळत नव्हतं.

वर त्यांची बडदास्त राजासारखी होती. त्यांच्यासाठी गादीची खुर्ची आणली होती, ते बसायचे खाली फरशीवर, भिंतीला टेकून. टीव्ही लावून दिला तर म्हणायचे, "ही मानसं कुनाची कोन, ठावं न्हाय." चहाचा कप उचलून मोरीकडे निघाले, की विजयमाला धावायची. "राहू द्या मामा, मी धुते." सासऱ्याला ती मामा म्हणते. अंथरुणाची घडी घालायला लागले, की अजिनाथ म्हणायचा, "राहू द्या आबा." जेवताना भाकरीवर तुपाची धार धरली, की आबा हात आडवा करायचे. "साकु, साकु." मैंदर्गीकडची माणसं पुरे म्हणताना अशी सहज कानडीत शिरतात. मग पुन्हा भिंतीला टेकून समोरच्या भिंतीकडे बघत बसायचे.

एक दिवस अजिनाथने त्यांना दाताच्या डॉक्टरकडे नेलं. तिथं बाहेरच्या खोलीत माशांची काचेची टाकी होती. नंबर लागला तरी आबा उठेनात. "थांब की," म्हणाले, "त्यो काळा बघ, सगळ्यांच्या मागं ऱ्हातोय. त्याचं काय तरी बिनसलंय. आन ती तांबडी समद्यांना हाकलतीया." घरी येईपर्यंत रिक्षात तेवढंच बोलत होते. महिन्याभरात ते एवढं बोलले नव्हते. अजिनाथ संध्याकाळी खाली आला तेव्हा त्याचे डोळे लुकलुकत होते. "बाई, घरी टाकी करतो. बाजारचा स्टँड नको. मीच करीन."

विजयमालाने आधी कपाळावर हात मारला. आपल्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, त्यात मासे पाळायचे? पण मग तीच म्हणाली, "बदललेलं पाणी कढीपत्त्याला जाईल. होऊ दे." एवढ्यावर काम सुरू झालं.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका विणकराच्या घरचा हातमाग मोडीत निघाला होता. त्याचं जुनं सागवान अजिनाथने आणलं आणि गच्चीवर कापाकापी सुरू केली. मी मिरच्या वाळवायला जायची, तेव्हा लुडबुड करायची. स्टँडची उंची बघून मी म्हटलं, "अरे, हे काय? दुकानातले कंबरेपर्यंत असतात. हा तर पाटाचा थोरला भाऊ वाटतो."

"आबा खुर्चीवर बसत नाहीत, बाई," तो म्हणाला. "खाली बसल्यावर सरळ मासे दिसले पाहिजेत. मान वर करायला लागू नये."

आबा भिंतीला टेकून डुलकी काढत असताना त्याने त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत भिंतीवर पेन्सिलीने खूण करून घेतली होती. टाकीतल्या पाण्याचा मध्य तिथं आला पाहिजे, असा त्याचा हिशेब. मी म्हटलं, त्यांनाच का नाही विचारलंस? तर म्हणे, "विचारलं तर म्हणतील, माझ्यासाठी कशाला."

काम मात्र बघत राहावं असं. चार जाड पाय, मध्ये आडवे दांडे, मागच्या बाजूला तिरप्या पट्ट्या, म्हणजे भरलेली टाकी बाजूला डुलणार नाही. वर जाड प्लायवूड. गवंड्याकडून पाणसळ आणून त्याने चारही बाजूंनी तपासलं. हॉलची फरशी मोरीच्या दिशेला जरा उतरती होती, म्हणून दोन पायांखाली लाकडाच्या पातळ चकत्या बसवल्या. पाणसळीतला बुडबुडा मधोमध थांबला तेव्हा मी स्वतः डोळ्यांवर चष्मा चढवून पाहिला होता.

दिव्याचं तर मला फारच कौतुक वाटलं. खाली बसणाऱ्याच्या डोळ्यांत वरचा उघडा दिवा खुपणार, हे त्याने आधीच ओळखलं. मोठ्या पीव्हीसी पाइपचा तुकडा घेऊन त्याने तो उभा चिरला. अर्ध्या पन्हाळीच्या आतून चकचकीत कागद डकवला, त्यात एलईडीची पट्टी चिकटवली आणि स्टँडच्या मागे उभ्या केलेल्या दोन खांबांना ती पन्हाळ पालथी टांगली. पुढची कड थोडी खाली झुकवली. उजेड सगळा पाण्यात पडणार आणि बघणाऱ्याच्या डोळ्याला तिरीपही लागणार नाही. वायर खांबाच्या मागून नेली आणि खाली एक वळसा सोडला, म्हणजे चुकून पाणी ओघळलं तरी वळशाशीच ठिपकेल, बोर्डापर्यंत जाणार नाही. आबांनी ती पन्हाळ बघितली आणि म्हणाले, "मेंढरांची डोण पालथी घातलीस की." पाणी पाजायची डोण. अजिनाथ एवढा खूश झाला, जसं काही त्याला आदर्श कर्मचाऱ्याचा पुरस्कारच मिळाला.

टाकी आणली. दुकानदाराने बजावून सांगितलं होतं, काचेखाली थर्माकोलचा पत्रा घाला, म्हणजे सगळीकडे सारखा भार बसतो. अजिनाथ तो मापाने कापत होता, तेवढ्यात आबा उठून आले.

"ह्याच्यावर बसवनार? ह्या फसफशीत चिजंवर?" त्यांनी खांद्यावरची घोंगडी काढली. "नवं काय बी घरात आलं, की घोंगडीवर बसवायचं. देव बी घोंगडीवर बसतो आपला. ही घाल."

मी तिथंच होते. अजिनाथ घोंगडीकडे बघत थांबला. मग त्याने हातातला थर्माकोल बाजूला ठेवला, घोंगडीची घडी घातली आणि तिच्यावर टाकी ठेवली. "चांगलं केलंत, आबा," असंही म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी, साठवलेल्या पाण्याने तिघांनी मिळून टाकी भरली. मासे अजून आणायचे होते, नशीब. मी खाली शेंगाचटणी कुटत होते. वर काहीतरी कडाड् वाजलं, पळापळ झाली, आणि जरा वेळाने माझ्या हॉलच्या छतातून पाणी ठिपकायला लागलं. ज्या गावात पाण्यासाठी लोक ड्रम भरून ठेवतात, तिथं माझ्या सोफ्यावर पाऊस! मी वर गेले तेव्हा विजयमाला पोत्यांनी पाणी टिपत होती. टाकीच्या तळाला या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर गेली होती. आबा भिंतीशी उभे होते, ओली घोंगडी हातात घेऊन.

मी तोंड उघडायच्या आत अजिनाथ म्हणाला, "माझंच चुकलं, बाई. स्टँड एका बाजूला कलला होता."

कलला होता म्हणे! मी बुडबुडा बघितला होता. पण त्याने माझ्याकडे अशा काकुळतीने पाहिलं, की मी माझं तोंड मिटलं. हे माझ्या आयुष्यात फार वेळा झालेलं नाही.

रात्रीचं जेवण कुणाला गेलं नाही. सकाळी आबांनी पिशवी भरली. "माज्यापायी पोराची काच गेली, पानी गेलं, बाईंचं घर भिजलं. कशाला हा खटाटोप? जातो मी." अजिनाथ नुसता दारात उभा राहिला. पण घोंगडी ओली होती. लोकर ती, पाणी पिऊन बसलेली, पिळून निघत नाही आणि लवकर वाळत नाही. घोंगडी टाकून आबा जाणं शक्य नव्हतं. ते म्हणाले, "वाळली, की निगतो." आणि ती घेऊन गच्चीवर गेले.

मी मिरच्या उलटत होते. आबांनी घोंगडी कठड्यावर पसरली आणि तिच्यावरून हात फिरवायला लागले. फिरवता फिरवता हात मध्येच थांबला. त्यांची घोंगडी दोन पट्टे शेजारी ठेवून मधोमध जाड दोऱ्याने शिवलेली होती, आणि ती शिवण बोटाएवढी वर आलेली होती. फुटकी टाकीही तिथंच कठड्याला टेकवून ठेवली होती. आबा तिच्यापाशी गुडघे धरत बसले. काचेच्या कडेपासून चिरेपर्यंत वितीने मोजलं. मग घोंगडीची तशीच घडी घातली आणि पुन्हा मोजलं.

मग त्यांनी हाक मारली. "आजिनाथ! वर ये."

अजिनाथ आला. आबांनी त्याचा हात धरून आधी शिवणीवर ठेवला, मग चिरेवर.

"काच कशानं फुटली?"

"स्टँड कलला व्हता, आबा. माझंच..."

"खोटं बोलू नगंस. ह्या शिवनीवर समदा भार आला आन काच तडकली. तुला ठावं व्हतं?"

अजिनाथने चिरेवरचा हात काढून घेतला.

"घोंगडी घालायच्या आदी ठावं व्हतं?"

"व्हय."

"मंग बोलला का न्हाईस?"

"तुमाला वाईट वाटलं असतं."

आबांचा चेहरा मी कधी तसा बघितला नव्हता. रागावलेला नव्हे, दुखावलेला. "माझ्या हातनं मेंढरू दुसऱ्याच्या रानात शिरलं, की माझा बा चार मानसांत मला शिव्या घालायचा. आन रातच्याला एका ताटात जेवायचो आमी. घरच्या मानसाला बोलतेत, पोरा. झाकून घेतेत ते पाव्हन्याचं. हितं आल्यापास्नं मला कुनी एक शबूद बोललं न्हाय. कप उचलू देत न्हाईसा, हातरून घडी घालू देत न्हाईसा. चूक केली तर ती बी तूच घेनार. मंग मी कोन हाय हितं? पाव्हनाच की. पाव्हना किती दिस ऱ्हातो? त्यानं जायाचंच असतंय."

मिरच्या हातात धरून मी तशीच बसले होते. हा म्हातारा रोज माझ्या दारात का यायचा, ते मला आत्ता कळलं. सबंध इमारतीत त्यांना रागावणारी मी एकटीच होते. मला एकदम भरून आलं, आणि मला भरून आलं की मी ओरडते. "अरे, बघतोस काय अजिनाथ? बोल त्यांना!"

अजिनाथ घोंगडीकडे बघत पुटपुटला. "आबा, ते... घोंगडीचं जरा... चुकलंच तुमचं."

"ह्ये बोलनं हाय व्हय?" आबा म्हणाले. "शेळी बी ह्याच्यापेक्षा जोरात बोलती."

आणि मग अजिनाथ फुटला. "मंग काय बोलू? काय बोलू मी? दर खेपंला पिशवी भरता! मी शाळंत आसतो आन माझं ध्यान सगळं तितं. आबा बांधावर पडलं तर कोन बघंल? भिमाचा फोन आला की छातीत धडधड हुती माझ्या. घोंगडी घाल म्हनलासा, घातली. काच फुटंल हे ठावं आसून घातली. का? तर न्हाय म्हनलो आन तुमी रुसून निगालासा तर? घोंगडी काचंखाली घालतं का कुनी? डोस्कं हाय का न्हाय? आन आता कुटं जायाचं न्हाय! ऐकताय का? न्हाय म्हंजे न्हाय! ती पिशवी मी जाळून टाकीन!"

शेजारच्या इमारतीतल्या गॅलऱ्यांमधून माणसं डोकावली. जिन्यात विजयमाला तोंडावर पदर धरून उभी होती. इतक्या वर्षांत अजिनाथचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. आवाज फाटलेलाच होता, कारण त्याला सवयच नाही. आणि ओरडता ओरडता तो लहान पोरासारखा रडायला लागला.

आबांनी त्याला रडू दिलं. मग त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "हां. आता बोललास." थोड्या वेळाने म्हणाले, "आन ती पिशवी जाळू नगंस. चांगली हाय. त्यो थर्माकोल कुटं ठेवलास?"

दुकानदाराने नवा तळ बसवून दिला. ह्या वेळी आबांनी बारीक खडी स्वतः धुतली, भाजी धुतलेल्या पाण्यात आधी, मग चांगल्या पाण्यात, आणि विजयमालाने "राहू द्या" म्हणायला तोंड उघडलं तसं स्वतःच ते हाताने दाबून धरलं. थर्माकोल आबांनीच हाताने दाबून सपाट केला. घोंगडी टाकीसमोर फरशीवर अंथरली आणि तिच्यावर ते बसले. टाकी भरली, टिकली, मासे आले. दिवा लावला तेव्हा मीही खाली फरशीवर बसले. गुडघे कुरकुरले, पण पाणी बरोबर डोळ्यांसमोर होतं आणि उजेड कुठं खुपत नव्हता. आबा एकेक मासा ओळखायला लागले आहेत. कोण कुणामागं जातो, कोण खाताना दुसऱ्याला ढकलतो, सगळं मला ऐकवतात. अजिनाथ शाळेतून आला की बापाशेजारी बसतो, आणि कधी कधी "आबा, पाय आखडा, स्टँडला लागतोय" असं जरा जोरात म्हणून बघतो. जमतंय त्याला हळूहळू.

परवा आबा नेहमीच्या वेळेच्या आधीच माझ्याकडे आले. चेहऱ्यावर असं काही तेज, की मला वाटलं पिंकीचं, म्हणजे पुण्याला नर्सिंग शिकणाऱ्या नातीचं, लग्नबिग्न ठरलं.

"चा टाका, बाई," दारातच बसत म्हणाले. "सून लई बोलली आज."

"काय केलंत?"

"मासं उपाशी दिसलं. निम्मी भाकरी कुस्करून टाकली पान्यात."

"अरे देवा! सगळं पाणी नासलं असेल!"

"त्येच म्हनली की ती! काय बोलली, काय बोलली! म्हनली, मामा, तुमाला कितींदा सांगायचं? म्हनली, चार दिसांनी पानी येतंय आन तुमी त्याचं कालवन केलं. म्हनली, पुन्यांदा भाकरीला हात लावून बघा." प्रत्येक वाक्य ते गूळ चघळावं तसं सांगत होते. "कारखान्यातल्या बायकांना बोलती, तशी बोलली."

मी बशीत चहा ओतून पुढे केला. "मग? राग नाही आला तुम्हाला?"

आबांनी बशी दोन्ही हातांनी उचलली, फुंकर घातली.

"घरचीच हाय की, बाई," ते म्हणाले. "बोलनारच."